शांतारामकाकांचा खांदा

दसरा उलटला की आमच्या मुलुंडच्या गॅलरीतून दिसणारा डोंगर वरून खाली पिवळा पडत येतो. दुपारचं ऊन चटके द्यायला लागतं, दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात, आणि वारा आला की वाळत्या गवताचा जरासा कडवट वास घरात शिरतो. बाबा खुर्ची गॅलरीत ओढतात. त्यांचे कान गेले, पण नाक शाबूत आहे. "आता थंय रूळ घासूक घेतले असतीत," ते म्हणतात. मी भाजी निवडता निवडता नुसती मान डोलावते, कारण "हो" म्हणायचं तर ओरडावं लागतं.

हा डोंगर काही त्यांचा नव्हे. त्यांचा डोंगर इथून दोनेक तासांवर आहे, आणि त्या डोंगरावर चढणाऱ्या छोट्या गाडीवर त्यांनी एकतीस वर्षं ब्रेकवाल्याचं काम केलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. पण मी जे सांगणार आहे त्यात चूक बाबांची आहे आणि त्याहून मोठी माझी आहे. त्या गाडीचा किंवा गावाचा त्यात काही दोष नाही.

पावसाळ्याचे चार महिने ती गाडी बंद असते. लहानपणी मला वाटायचं, म्हणजे बाबांना सुट्टी. सुट्टी कसली, उलट त्याच दिवसांत ते भिजून चिंब होऊन घरी यायचे. दरड कुठे आली, मोरी कुठे तुंबली, रुळाखालची खडी कुठे वाहून गेली, हे बघत माणसं रोज घोंगड्या घेऊन वर-खाली चालायची. पाऊस सरत आला की कंबरभर गवत कापायचं, सरकलेले दगड पुन्हा ठोकून बसवायचे, गंजून लाल झालेल्या रुळांवरून रिकामी गाडी सावकाश नेऊन आणायची. त्या दिवसांत बाबांच्या हाताला गंजाचा वास यायचा. ते भात कालवायचे तेव्हा तो वास भाताला लागे, आणि आई नाक मुरडून म्हणे, "साबण काय देवासाठी ठेवलाय?"

ही वाट ज्यांनी कुणी आखली त्यांच्याबद्दल बाबांना फार आदर. ती माणसं डोंगराशी भांडली नाहीत म्हणायचे. कडा आला की त्याला वळसा घातला, ओढा आला की जरा मागे सरले, आणि असं करत करत माथ्यावर पोचले. त्यामुळे ती गाडी इतकी वळते की शेवटच्या डब्यातल्या माणसाला खिडकीतून इंजीन दिसतं. चढताना सगळं काम इंजिनाचं. ब्रेकवाल्यांनी बिडी ओढावी, गप्पा माराव्यात. उतरताना मात्र काम माणसांचं. तेव्हाच्या डब्यांना पुढच्या टोकाला एक छोटा ओटा असे, त्यावर ब्रेकचं लोखंडी चाक आणि चाकापाशी एक माणूस. इंजिनाची एक लांब शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम चाक आवळायचं, दोन आखूड झाल्या की सैल सोडायचं. सगळे डबे एका दमात आवळले गेले तरच गाडी शहाण्यासारखी उतरते. एकानं जरी उशीर केला तर त्याचा डबा पुढच्यावर रेलतो. म्हणून उतरणीवर ब्रेकवाल्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम. आम्हा घरच्यांना तर तो बोलायला शिकण्याआधी कळला होता.

आता म्हणे नव्या डब्यांचे ब्रेक इंजिनातूनच लागतात. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरा झाला." त्यांना ते बरं वाटलेलं नव्हतं.

सीझनच्या पहिल्या दिवसाची एक रीत होती. इंजिनाला झेंडूच्या माळा, नारळ वगैरे साहेब लोकांचं. पण प्रत्येक डब्याच्या ब्रेकच्या चाकाला हळदकुंकू लावायचं ते त्या चाकावरच्या माणसाच्या घरातल्या बाईनं. आई असेपर्यंत ती लावायची. ती गेल्यावर मी. मी तेव्हा मुलुंडला मावशीकडे राहून नोकरी करत होते, तरी त्या दिवसासाठी रजा टाकून जायची. चाकाला बोटं टेकवायची, वर जाईपर्यंत बाबांच्या डब्यात बसायचं, वर गरम भजी खायची आणि त्याच गाडीनं खाली यायचं. पुढच्या डब्यावर शांतारामकाका. बाबा कोकणातून नोकरीसाठी आलेले, काका तिथल्याच पायथ्याच्या वाडीतले. दोघांची भाषा वेगळी, चिडण्याची तऱ्हा वेगळी, पण डबे एकतीस वर्षं एकामागे एक. काकांच्या बायकोच्या हातचा तांदळाचा पापड आमच्याकडे यायचा आणि आईच्या हातचं कुळथाचं पीठ त्यांच्याकडे जायचं.

बारा वर्षांपूर्वीचा तो सीझन. बाबांचा शेवटचा, पुढच्या जूनला ते निवृत्त होणार होते. मी आदल्या दिवशी घरी गेले आणि कुकर लावला. बाबा गॅसपाशी उभे होते. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचं काम आई गेल्यापासून त्यांचं. त्या दिवशी ते कुकरकडे वाकून एकटक बघत होते. शिट्टीचं वजन उचललं गेलं, वाफ आली, की ते एक बोट दुमडत. मला हसू आलं. मग एकदा वाफ नुसतीच फुसकन निघून गेली, आवाज झालाच नाही, आणि बाबांनी तिसरं बोट दुमडून गॅस बंद केला. माझं हसू तिथल्या तिथे गेलं. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून हळूच हाक मारली, मग नेहमीच्या आवाजात मारली, मग मोठ्यानं. तिसऱ्या हाकेला ते वळले आणि म्हणाले, "काय गो?"

दुसऱ्या दिवशी मी चाकाला हळदकुंकू लावलं. काही विचारलं नाही. सणासुदीला कशाला, असं स्वतःला समजावलं. समजावणं मला चांगलं जमतं.

वरून निघालो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. डबा भरलेला. एक नवीन लग्नाचं जोडपं, चिक्कीची खोकी मांडीवर घेतलेल्या दोन बायका, एक आजोबा थर्मास सांभाळत. मी अगदी पुढच्या बाकावर, बाबांच्या पाठीमागे. मधे उघडी खिडकी. वळणावळणाला बाबा डाव्या बाजूला बाहेर झुकत होते, आणि मला दिसलं की ते पुढे कड्याकडे किंवा इंजिनाकडे बघतच नाहीत. ते पुढच्या डब्याच्या टोकाशी झुकलेल्या शांतारामकाकांच्या खांद्याकडे बघतायत. शिट्टी व्हायची, काकांचा खांदा खाली जायचा, आणि मग बाबांचे हात चाकावर फिरायचे. फरक अगदी थोडा. ज्याला माहीत नाही त्याला कळणारही नाही इतका.

अर्ध्या वाटेवर ढग उतरला. पावसाळा संपता संपता असे चुकार ढग त्या डोंगरावर येतात, लोक त्याचे फोटो काढतात. चिक्कीवाल्या बायका "अय्या" म्हणाल्या. बाहेर सगळं पांढरं झालं. पुढचा डबा दिसेना. आणि शिट्टी झाली, एक, लांब. मी ती ऐकली. डब्यातल्या सगळ्यांनी ऐकली. बाबांचे हात चाकावर तसेच होते. ते डोळे बारीक करून त्या पांढऱ्यात खांदा शोधत होते. डबा पुढे रेलला, खालून एक धक्का आला, आजोबांचा थर्मास घरंगळत माझ्या पायाशी आला. मी खिडकीतून हात घातला आणि बाबांच्या पाठीत जोरात बुक्की मारली. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना मारलं. त्यांनी मागे न बघता चाक आवळलं.

झालं काहीच नाही. आजोबांनी थर्मास उघडून काच फुटली का ते बघितलं. पुढच्या वळणापाशी ढग सरला. खाली पोचेपर्यंत मी खिडकीतून हात आत घेतला नाही. शिट्टी झाली की एक थाप, दोन झाल्या की दोन.

खाली उतरल्यावर बाबा नळावर गेले, तोंड धुतलं आणि गळ्यातल्या रुमालानं पुसत माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "दोन वर्सा झाली. शांतारामाक म्हायती आसा. त्याचो खांदो बघतंय मी. तो माझ्यासाठी मुद्दाम भायर झुकता." मी त्यांच्या समोर जाऊन म्हटलं, "आणि आज?" म्हणजे ओठ हलवले. ते त्यांना कळलं. "एकच सीझन गो, बाय. ह्या डोंगराक मी काय वायट केलंय? माका चाकावरसून उतरवन खाली तेलपाण्याक बसवतले. कोणाक सांगा नको."

मी गप्प राहिले. त्यांनी तो होकार धरला.

मुलुंडला परत आले. ऑफिसात फायली पुढे ओढायच्या आणि तशाच मागे सारायच्या, असे चार दिवस काढले. डोळे मिटले की मला ते नवीन लग्नाचं जोडपं दिसायचं. तिच्या हातात हिरवा चुडा होता, आणि ढगात ती त्याला चिकटून हसत होती. पाचव्या दिवशी अर्धी रजा टाकून मी बाबांच्या साहेबांकडे गेले. ढगाचं, खांद्याचं, सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं ते वडिलांना कळू द्यायचं का?"

मी म्हटलं, "नको."

साहेबांना सांगितलं याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईन. हा सगळा लेख मी लिहितेय तो त्या एका "नको"साठी.

बाबांची तपासणी झाली आणि त्यांना खालच्या दुरुस्ती कारखान्यात दिलं. शेवटचे आठ महिने ते ब्रेकची चाकं घासून पुसून त्यांना ग्रीस लावत होते. मी शनिवारी गेले तेव्हा ते जेवायला बसले होते. मी भात वाढत होते. ते म्हणाले, "दोघांकच म्हायती होता. एक शांताराम आणि एक तू. तू तर माझा पोटचा चेडू. उरलो कोण?" माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. ते ठेवून बोलायला किती वेळ लागला असता? मी विचारलं, "आमटी देऊ?"

ते निवृत्त झाले त्या दिवशी काका शाल आणि नारळ घेऊन दारात आले. बाबांनी दार लावून घेतलं. मी आतून खिडकीशी उभी होते. काकांनी मला बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला झोप लागली असती. त्यांनी बघितलं ते असं, की यांना सगळं माहीत आहे हे मला कळलं. नारळ त्यांनी उंबऱ्यावर ठेवला आणि गेले.

त्यानंतर बाबा माझ्याकडे आले. लग्नानंतर मी मुलुंडलाच घर घेतलं, तेव्हा त्यांना गॅलरीची खोली दिली. तेव्हापासून आम्ही एका छपराखाली राहतो. बहिऱ्या माणसापासून गोष्ट लपवणं फार सोपं असतं. त्याच्याशी आपण फक्त चहा, जेवण, गोळी, आंघोळ एवढंच बोलतो, कारण बाकीचं ओरडून बोलण्यासारखं नसतं. कधीकधी वाटायचं की त्यांना झोप लागल्यावर कानाशी जाऊन सांगून टाकावं. एकदा सांगितलंही, दुपारी, ते पेपर वाचत असताना, त्यांच्या पाठीमागून, अगदी नेहमीच्या आवाजात. त्यांनी पान उलटलं. आणि मी निर्लज्जासारखी हलकी होऊन स्वयंपाकघरात गेले.

दर ऑक्टोबरला गाडी सुरू झाल्याची बातमी यायची आणि बाबा म्हणायचे, "त्यानं माझो शेवटचो सीझन खाल्ल्यान." कालांतरानं नावही घेईनासे झाले. फक्त "त्यानं".

या वर्षी मी त्यांना कानाच्या मशीनसाठी तयार केलं. इतकी वर्षं नको म्हणत होते. घाटकोपरला स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर ते दुकान आहे. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर कानाच्या आतलं गुलाबी चित्र, आणि बसलेली सगळी माणसं म्हातारी, सगळी मोठमोठ्यानं बोलणारी. आम्ही आत शिरलो आणि समोरच्या खुर्चीत शांतारामकाका बसले होते. खूप वाळलेले. शेजारी सून. मुलाकडे राहायला आले असणार. म्हणजे आमच्यापासून जेमतेम पाच स्टेशनं. एकतीस वर्षं इंजिनाच्या शिट्टीजवळ उभा राहिलेला माणूस, त्यांचेही कान जाणारच होते, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

काकांनी आधी बाबांना बघितलं, मग मला. त्या खिडकीतून बघितलं होतं तसंच. सून म्हणाली, "कोण आहेत हो, अण्णा?" काका म्हणाले, "कुणी नाही गं. गाडीवरचे." बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि माझा दंड धरला. "चल गो. हंय बसाक नको."

मी चालले नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, साहेबांना मी सांगितलं होतं."

"काय म्हणतंस?"

"मी सांगितलं होतं! काकांनी नाही!"

"मोठ्यान बोल गो."

माझी कल्पना होती की कबुली हलक्या आवाजात देतात. तिसऱ्यांदा मी इतकी ओरडले की आतली मशीनवाली मुलगी दार उघडून बाहेर आली. "तुमच्या कानांचं साहेबांना मी सांगितलं, बाबा! मी! शांतारामकाकांनी नाही!" सगळी म्हातारी तोंडं आमच्याकडे वळली. बाबा माझ्या ओठांकडे बघत राहिले. माझा दंड त्यांनी सोडला.

मग ते हळूहळू काकांपुढे जाऊन उभे राहिले. "तुका म्हायत होता?"

काकांना ऐकू आलं नाही. सुनेनं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "साहेबानं विचारलंन ना मला. पोरगी सांगते ते खरं का म्हणून. मी हो म्हटलं."

"मगे बोललंस कित्याक नाय? बारा वर्सा?"

हे सुनेनं पुन्हा सांगितलं.  काका बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या, एकसुरी आवाजात म्हणाले, "माझ्याशी नाही बोललास तरी तुझं चाललं. बायको गेलेली तुझी. हिच्याशी बोलला नसतास तर राहिला असतास कुठं?"

कुणीतरी आमचा नंबर पुकारला. बाबांना तो ऐकू आला नाही, आणि मी त्यांना सांगितला नाही. ते काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. बऱ्याच वेळानं बाबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

मशीन मिळून आता तीन आठवडे झाले. गुरुवारी आणि रविवारी मी बाबांना घाटकोपरला सोडते. जाताना ते रिक्षातच मशीन कानात घालतात, नीट बसलं का ते बोटानं दाबून बघतात. काकांच्या घरी दोघांचं बोलणं जिन्यापर्यंत ऐकू येतं. कुठली दरड कुठल्या साली, कुठल्या वळणावर करवंदं, कुणाचं चाक जड फिरायचं. मी वर जात नाही. काकांची सून बोलावते, पण मी नाही जात.

घरी आल्यावर बाबा चप्पल काढतात, हातपाय धुतात आणि मशीन काढून डबीत ठेवतात. माझ्याशी बोलतात, नाही असं नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणतात, पेपर आला का विचारतात. पण मशीन काढून ठेवल्यावर. मी परवा डबी उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि परत कपाटात ठेवली.

मी हट्ट करत नाही. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते, ते वर बघेपर्यंत थांबते, आणि जे सांगायचं ते मोठ्यानं सांगते.